रवा धरताना

शुद्ध तांबं स्वभावाने सरळ. १०८५ अंशांना वितळतं आणि निवताना तिथेच गोठतं. कथील तर २३२ अंशांनाच पातळ. दोघं एकत्र आली की हे दोन्ही आकडे विसरायचे. पुतळ्यांच्या ब्राँझमध्ये साधारण १० टक्के कथील असतं. ते १००० अंशांच्या सुमारास गोठायला लागतं आणि शेवटचा थेंब थिजतो तो ८०० च्या आसपास. या मधल्या अंतरात आम्हा ओतकाम करणाऱ्यांचा निम्मा धंदा सामावतो.

साजूक तूप थिजताना आधी रवा धरतं, तसंच हे. तांबं जास्त असलेले कण आधी घट्ट होतात, फाटे फोडत वाढतात. मधल्या फटींतला रस कथिलाने भारी होत जातो. गोठताना धातू आक्रसतो. ती तूट भरायला या फाट्यांतून रसाला वाट मिळावी लागते. वाट बुजली की आत बारीक पोकळ्या राहतात आणि बाहेरून माल अगदी सुबक दिसतो. साच्यात ओल असेल, रसात वायू अडकला असेल, तर उरलासुरला रस बाहेर ढकलला जातो आणि पृष्ठभागावर पांढुरके मणी फुटतात. हा कथिलाचा घाम.

घंटेचं कांसं त्या मानाने शहाणं, असं माझं मत. २२ टक्के कथील घातलं की गोठणं ८७० च्या आसपास सुरू होतं आणि ८०० च्या जरा खाली उरकतं. तांबं आधी वितळवायचं, कथील शेवटी. नाहीतर ते हवेत जळून जातं. घंटा तोंड खाली ठेवून ओततात, म्हणजे रायझर, आक्रसण्याची तूट भरणारा जादा रसाचा साठा, डोक्यावर येतो आणि पोकळ्या तिकडे जमतात.

कांस्याची ताटं-वाट्या घडवणारे मात्र लाल तापलेलं भांडं पाण्यात बुडवतात. पोलाद असं बुडवलं की ठिसूळ होतं. जास्त कथिलाचं कांसं उलट तडकायचं थांबतं. सावकाश निवताना ५२० अंशांच्या सुमारास जो कडक, ठिसूळ भाग तयार होतो, त्याला पाणी वेळच देत नाही. घंटेला तो कडकपणा हवाच असतो, म्हणून ती साच्यातच निवू देतात.

भीमाशंकरच्या पोर्तुगीज घंटेवर १७२९ साल आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर ज्या घंटा देवळांत आल्या, त्यांतली ती एक. लोक साल आणि क्रूस पाहतात. माझी नजर आधी डोक्याकडे जाते. ओतणाऱ्याने रायझर नीट दिला होता की नाही, ते तिथेच कळतं.