आशा : बेडी की आधार?

आमच्या सुभाषितकारांनी आशेला फारशी प्रतिष्ठा दिलेली नाही. कोणी तिला शृंखला म्हटले, कोणी नदी. तिच्यातून जो सुटला तोच सुखी, असा त्यांचा एकंदर निर्वाळा. शाळेत संस्कृत शिकविताना आम्हीही हेच सांगत आलो आणि ते खरे मानत आलो.

गतवर्षी आमचे जावई अपघातात निवर्तले व कन्या लहान मुलासह जठारपेठेतील आमच्या घरी परत आली. एके सायंकाळी सांत्वनाच्या हेतूने आम्ही तिला तेच सुभाषित ऐकविले. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, आशाच धरायची नाही, तर उद्या सकाळी उठायचं कशासाठी?" आम्हांस उत्तर सुचले नाही. रात्री कपाटातून पंडिता रमाबाईंचे चरित्र काढून पुन्हा वाचावयास घेतले.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस व कन्येस संस्कृत शिकविले. पुराणे सांगत, तीर्थे करीत हे कुटुंब हिंडत असे. व्रते, दाने, अनुष्ठाने यांत उणे काही ठेवले नाही. तथापि दक्षिणेतील दुष्काळात आईबाप अन्नावाचून गेले. पुढे भाऊ गेला, १८८२ साली पतीही गेले. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला 'सरस्वती' म्हणून गौरविले, ती विदुषी चोविसाव्या वर्षाच्या सुमारास तान्ह्या मुलीसह एकटी उरली.

१८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आपल्या समाजास हे रुचले नाही. १८९३ साली शारदा सदनातील मुलींच्या धर्मांतराचा गवगवा झाला, तेव्हा कित्येक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. त्या वादाचा निवाडा आज आम्ही करू इच्छीत नाही. आमचा प्रश्न एवढाच, की इतके गमावलेल्या बाईची आशा कशावर उभी होती?

आम्हांस वाटते ते असे. व्रतास फळ मिळावे ही एक प्रकारची देवघेव होय; फळ न आले की ती आशा मोडते. ख्रिस्ती धर्मात संत पौलाने श्रद्धा व प्रीती यांच्या पंक्तीस आशेलाही बसविले आहे. परंतु ती आशा अमुक वस्तू मिळेल अशी नव्हे, ती ज्याच्यावर विश्वास टाकला त्याच्याविषयीची असते. शिवाय तेथे पुनरुत्थानापूर्वी क्रूस आहे. म्हणजे दुःख खोटे ठरविलेले नाही. गीता फळाची आसक्ती सोडावयास सांगते. ख्रिस्ती भक्त फळ देवाच्या हाती सोपवितो आणि त्याची वाटही पाहतो. दोन्ही गोष्टी जवळच्या, पण एक नव्हेत.

आणि ही वाट पाहणे हात जोडून बसणे नव्हे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात गेल्या व शेकडो निराधार मुली घेऊन आल्या. केडगावच्या माळावर विहिरी खणल्या, शाळा चालविली, माग बसविले, छापखाना काढला. प्रार्थना आणि कुदळ ही तेथे बरोबरच चालली. १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा, जिच्या हाती हे सारे सोपवावयाचे, तीही गेली. तरी मूळ हिब्रू व ग्रीकवरून चाललेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी टाकले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या.

आम्ही आमचा धर्म सोडणार नाही. परंतु चांगली गोष्ट कोणाच्या अंगणात उगवली हे पाहून ती नाकारावी, असे आमच्या गुरुजनांनी शिकविले नाही. सुभाषितातील आशा हावेची आहे, ती बेडीच. कन्येने विचारलेली आशा निराळी, ती आधाराची.

हे आम्ही तिला सांगितले. ती काही बोलली नाही. मात्र ते चरित्र आता तिच्या उशाशी असते, आणि शिक्षिकेच्या परीक्षेचा अर्ज तिने परवा भरला. निकाल काय लागेल ते आम्हांस ठाऊक नाही. सकाळी तिला लवकर उठविण्याचे काम मात्र आम्ही आमच्याकडे घेतले आहे.