आजी वसईला जाते का?

मागच्या वर्षी मंडळाच्या कथास्पर्धेसाठी जी कथा पाठवणार होते, ती मी पाठवलीच नाही. आराखडा मात्र झकास होता. ए-फोर कागदावर बारा चौकटी, प्रत्येकीत एक प्रसंग, तीन रंगांची पेनं. कथा माझ्या आजीची. लग्न होऊन ती वसईहून भोपाळला आली, आजोबा भेलमध्ये, पिपलानीतलं क्वार्टर, सगळा संसार परमुलखात आणि बाराव्या चौकटीत आजी पंजाब मेलमध्ये बसून परत निघते. शेवटचं वाक्यसुद्धा तयार होतं. (इथे सांगणार नाही, आता लाज वाटते.)

सहा चौकटी नीट पार पडल्या. सातवीत आजी दुपारी स्वयंपाकघरात सुके बोंबील भाजते, वास जातो म्हणून शेजारच्या आंटी धाडकन खिडकी लावतात, आजीला एकदम परकं वाटतं, ती रडते आणि गावी जायचं ठरवते. कागदावर असंच होतं. पण लिहायला बसले तर आजी रडेचना! तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा ती उठून आपलीही खिडकी लावून घेई, पंखा मोठा करी आणि संध्याकाळी त्याच आंटींकडे वाटीभर साखर मागायला जाई. खरी आजी अशीच होती.

शेवटी आईला विचारलं, "आजीला परत जायचं होतं ना गं?"

"कुणी सांगितलं तुला?" आई भाजी निवडता निवडता म्हणाली. "बाबांनी तिकडचं घर दुरुस्त करायचं काढलं, तेव्हा म्हणाल्या, कशाला खर्च करतोस? मला ह्यांच्याजवळच ठेवा."

ठेवलंही तसंच. इथल्याच कब्रस्तानात, आजोबांच्या शेजारी. तेव्हा मी तेरा वर्षांची होते, मातीही टाकली होती. म्हणजे हे मला माहीत होतं. परत जायचं होतं ते मला. सुट्टीत वसईला गेले की चुलत भावंडं माझ्या 'हिंदी मराठी'ला हसतात. तो सगळा हिशोब मी आजीकडून चुकता करून घेत होते. तिला विचारलंसुद्धा नव्हतं. कागद ड्रॉवरमध्ये गेला.

या सेमिस्टरला 'डेव्हिड कॉपरफील्ड' होती. ही कादंबरी मे १८४९ ते नोव्हेंबर १८५० अशी दरमहा बत्तीस-बत्तीस पानांच्या अंकांतून आली. डिकन्स प्रत्येक अंकासाठी एक कागद घ्यायचा. उजव्या बाजूला प्रकरणं, डाव्या बाजूला स्वतःलाच विचारलेले प्रश्न. अमुक पात्र या अंकात आणायचं का? पुढे कधीतरी उत्तर लिहायचं: हो, नाही, अजून नाही. डोरा मरणार की जगणार, हे मे १८५० उजाडला तरी त्याचं ठरलं नव्हतं. वर्षभराचे अंक वाचकांच्या हातात पडलेले आणि लेखकच अडलेला! हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

मग 'यमुनापर्यटन' आठवलं. बाबा पदमनजींची १८५७ची कादंबरी, मराठीतली पहिली म्हणतात ती. यमुना प्रवास करते, जागोजागी विधवांच्या कहाण्या तिला भेटतात. एखादा मुक्काम वाढवला किंवा गाळला तरी वाट मोडत नाही. शेवट मात्र बाबांनी आधीच मुक्रर केलेला वाटतो, कारण त्यांना काय सांगायचंय ते पक्कं होतं. ते मला थोडं खटकतं. पण मी तरी दुसरं काय करत होते?

आता चौकटी बंद. चर्चच्या जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून मध्ये रेघ मारते. उजवीकडे जे लिहून झालं ते. डावीकडे प्रश्न, आणि उत्तरं पेन्सिलीने. क्वार्टर, खिडकी, बोंबील एवढंच पेनाने, त्यांना हात लावायचा नाही. बाकी प्रत्येक प्रसंगानंतर डावी बाजू पुन्हा वाचायची. आंटी परत येतात? हो. आजोबा काही बोलतात? अजून नाही. आजी वसईला जाते? समोर कोरं. हे कोरं ठेवणं सगळ्यात अवघड गेलं, हात शिवशिवतो.

यात वेळ जातो, हेही कबूल. दोन पूर्ण प्रसंग फेकून दिले, त्यातला एक मला आवडायचा. मैत्रीण म्हणते, "इत्ता सोचेगी तो लिखेगी कब?" मंडळाच्या तारखेला पोचेन याची खात्री नाही.

काल आठवा प्रसंग झाला. आंटींनी आपली खिडकी जराशी उघडली आणि हाक मारली, "और कित्ती देर, भाभी? मेरे को पापड़ सुखाने हैं."

तवा अजून गरम आहे. आजी काय म्हणते, ते आज रात्री बघते.