शेतकरी तोच, वावर वेगळं

नव्या बियाण्याने फायदा किती झाला, हा प्रश्न खानदेशात पारावरच निकाली निघतो. ज्याने बीटी लावलं त्याचं घर कापसाने भरलं, शेजाऱ्याचं भरलं नाही, झालं उत्तर. कार्यकारणाचं संख्याशास्त्र हा माझा धंदा, म्हणून मला त्या शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी विचारावंसं वाटतं.

बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली २००२ साली. त्या आणि पुढच्या हंगामाची माहिती जळगावच्या १५७ शेतकरी कुटुंबांकडून गोळा झाली : ९४ बीटी लावणारी, ६३ न लावणारी. खर्च वजा जाता बीटीच्या वावरात इतर वावरांच्या अडीच पट पैसे सुटले होते. स्टीफन मोर्स, रिचर्ड बेनेट आणि युसूफ इस्माइल यांनी २००७ मध्ये या आकड्याची फोड केली. बीटी लावणारे मुळातच निराळे निघाले : कापसाखाली जमीन जास्त, पाण्यावर खर्च जास्त, आणि बिगर-बीटी वाणही ‘बन्नी’सारखं जोमदार. मग अभ्यासकांनी फक्त त्यांचीच वावरं घेतली. त्यांच्या बीटीसमोर त्यांचंच बिगर-बीटी ठेवलं. अडीच पट उतरून १.६ पटीवर आली.

फायदा तरीही भरघोसच. पण मधला जो भाग गळला, तो शेतकऱ्याच्या हिकमतीचा आणि पाण्याचा होता. बियाण्याच्या खात्यावर तो उगाच जमा झाला होता. याईर मुंडलाक यांनी १९६१ मध्ये इस्रायलमधल्या शेतांच्या आकडेवारीवर हीच रीत मांडली होती. शेतकऱ्याचं कसब मोजता येत नसेल, तर त्याला त्याच्याशीच ताडून पाहा. कसब दोन्हीकडून वजा होतं.

तरी फट उरतेच. महागडं पाकीट मुरमाड तुकड्यात कोण टाकेल? विहिरीजवळची काळी जमीन त्यालाच मिळणार. म्हणून एकाच घरच्या दोन वावरांतही मी आधी माती आणि पाण्याच्या पाळ्या विचारतो, क्विंटल नंतर. कुठल्या वावरात काय पेरायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरलं असतं, तर ही चौकशी लागली नसती.

शिवाय १.६ हा आकडाही पाण्यावर जास्त खर्च करणाऱ्यांच्या घरचा. शिंदखेड्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याने अडीच पटीवर भिस्त ठेवून बियाण्यासाठी कर्ज काढलं, तर कर्ज त्याच्या नावावर पुरतं चढतं. त्या अडीच पटीतलं बागायतदाराचं पाणी मात्र पाकिटातून येत नाही.