घोडीचा पट्टा काढ

सायली,

घोडीच्या गळ्यातला पट्टा आजच काढ. त्याने तिला फळीला दात लावून हवा ओढता येत नाही हे खरं, पण ओढावीशी वाटणं काही थांबत नाही. पट्टा निघाला की बहुतेक घोडे आधीपेक्षा जास्तच ओढतात.

तुझ्याकडे आलो तेव्हा मी ती नीट पाहिली. चंदी खाऊन झाली, की फळीच्या काठावर वरचे दात रोवायचे, मान ताठ करायची आणि घशातून तो आवाज. पुढचे दात बाहेरच्या कडेने तिरके झिजलेत, म्हणजे सवय जुनी, रेसच्या दिवसांतली. मोतद्दार म्हणतो, ही खोड बघून बाकीच्यांना लागेल. तसा भक्कम पुरावा नाही. एका पागेत तीन-चार घोडे असं करू लागले, तर मी आधी तिथली वैरण बघतो.

मला तिच्या पोटाची शंका येते. चंदी अर्धी टाकते, तंग आवळताना कान मागे घेऊन चावायला वळते, अंगावर तकाकी नाही. रेससाठी तयार होणाऱ्या घोड्यांची तपासणी केली, तर दहापैकी आठ-नऊंच्या जठरात व्रण सापडतात. घोड्याच्या जठरात आम्ल रात्रंदिवस पाझरतं, पोट रिकामं असलं तरीही. ते निवळतं लाळेने, आणि लाळ सुटते फक्त चघळताना. किलोभर वाळलं गवत चघळायला तिला पाऊण तास लागतो. तेवढीच चंदी दहा मिनिटांत संपते. मग पुढचे कित्येक तास जठराचा वरचा भाग, ज्याला स्वतःचं संरक्षक अस्तर नाही, आम्लाच्या तोंडी असतो. दौडताना पोट आवळलं जातं आणि आम्ल आणखी वर चढतं.

नक्की निदान एंडोस्कोपीनेच होतं. नळी तीन मीटरची लागते, आणि आदल्या रात्रीपासून घोडी उपाशी ठेवावी लागते. पुण्यात सोय होत असेल तर टाळू नकोस. नाहीच झाली, तर डॉक्टर औषध सुरू करून फरक पाहतील, तेही रास्त आहे. ओमेप्राझोल साधारणपणे दर किलो वजनाला ४ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, चार आठवडे देतात. मात्रा तुझे डॉक्टर ठरवतील. सकाळी रिकाम्या पोटी द्यायचं आणि थोड्या वेळाने वैरण टाकायची. माणसांच्या कॅप्सूल फोडून, आतले दाणे कुटून चंदीत मिसळू नकोस. जठरातल्या आम्लातच औषध वाया जातं. व्रण जठराच्या खालच्या भागात असले, तर सोबत सुक्राल्फेटही लागतं. बरं वाटलं म्हणून औषध एकदम तोडायचं नाही. लंगडण्यावर तिला फेनिलब्युटाझोन चालू असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांग. त्यानेही व्रण होतात.

पण नुसत्या औषधावर विसंबू नकोस. दिनक्रम तसाच राहिला तर व्रण परत येतात. वैरण तिच्यासमोर कायम असू दे, रात्री तर नक्कीच. बारीक जाळीत भरलीस की जास्त वेळ पुरते. चंदी कमी कर आणि थोडी थोडी विभागून दे. खोगीर चढवण्याआधी दोन मुठी लसूणघास घाल. त्यातला चुना आम्ल निवळवतो. रोज मोकळं सोड, शेजारी दुसरा घोडा दिसू दे.

एवढं करूनही ती फळी चावणं सोडेलच असं नाही. वर्षानुवर्षांची सवय पोट बरं झाल्यावरही उरते. सवय दुखण्यातून आली की दुखणं सवयीतून, हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून औषधाचा गुण फळीवरून ठरवू नकोस. तिची भूक बघ, तंग आवळताना ती कशी उभी राहते ते बघ. ती खात असेल, वजन धरत असेल, तर तिला फळी चावू दे. काठाला जाड रबर ठोकून घे, दात वाचतील.

आणि मोतद्दाराला सांग, त्या सवयीपायी तिला मारायचं नाही.

तुझा,
काका