अर्धा समास

मसुद्याचा कागद उभा मधोमध दुमडून घडीच्या उजव्या अंगालाच मजकूर लिहावयाचा आणि डावे अंग संपूर्ण कोरे राखावयाचे, हा माझ्या वडिलांच्या मामलेदार कचेरीतला जुना दस्तूर होता. आणि पुढे मी हायस्कुलात इंग्रजीचा शिक्षक झालो तेव्हा लेखन शिकविण्याची जी युक्ती मला अध्यापनाच्या कोणत्याही ग्रंथात सापडली नाही, ती त्या घडीत सापडली. कोरे अंग वरिष्ठांच्या दुरुस्तीसाठी असे. लिहिणाऱ्याने पहिले अक्षर काढण्यापूर्वीच आपल्या चुकीसाठी अर्धा कागद बाजूला ठेवलेला असे, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे.

एका मसुद्याची आठवण आमच्या घरी वारंवार निघे. अवर्षणाच्या एका साली एका गावच्या सारातहकुबीचा कागद तयार करताना वडिलांनी ‘यंदा पीक फारच खालावले आहे’ असे वाक्य लिहिले होते. मसुदा परत आला तेव्हा त्यातला एकही शब्द खोडलेला नव्हता. डाव्या अंगावर मामलेदारांनी एवढेच विचारले होते : ‘किती आणे? पाहिले कोणी?’ सोळा आणे म्हणजे भरघोस पीक, आणि साऱ्याची सूट अथवा तहकुबी आणेवारीवर ठरावयाची, हे वडिलांना ठाऊक नव्हते असे नाही. परंतु विशेषण हाताशी असले म्हणजे आकडा शोधण्यासाठी उन्हात कोण जातो? दुसऱ्या दिवशी ते तलाठ्याला बरोबर घेऊन शिवारात गेले, आणि मसुद्यात ‘पाच आणे’ हे दोन शब्द आले.

हे सारे मी लहानपणी ऐकले होते, तरी नोकरीच्या पहिल्या सात-आठ वर्षांत मला ते एकदाही सुचले नाही. साठ मुलांची तुकडी, पस्तीस मिनिटांचा तास, पंधरवड्याला एक निबंध. शनिवारी वह्यांचा गठ्ठा सायकलीला बांधून घरी न्यावयाचा, शेजारी रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण उघडून ठेवावयाचे आणि रविवारचा संपूर्ण दिवस लाल शाईत घालवावयाचा, असा माझा क्रम होता. तालुक्याच्या बाजारापलीकडे न गेलेली मुले गाईडातून पाठ करून थंड हवेच्या ठिकाणच्या सहलीवर निबंध लिहीत, आणि मी त्या न केलेल्या सहलीचे काळ व वचने इमानाने दुरुस्त करीत असे. एका मुलाच्या अशाच निबंधात एका वाक्याशेजारी मी इंग्रजीत ‘व्हाय?’ असे लिहिले होते. पक्क्या वहीत त्याने माझी प्रत्येक दुरुस्ती सुवाच्य अक्षरात उतरवून आणली, आणि तो ‘व्हाय?’सुद्धा वाक्याच्या मधोमध नेऊन बसविला. त्या मुलाचा काडीचाही दोष नव्हता. लाल शाईतले सर्व काही गुरुजींचे, म्हणून बरोबर, आणि ते जसेच्या तसे उतरविणे म्हणजेच सुधारणे, हे मीच त्याला इतकी वर्षे शिकवीत आलो होतो. ती वही हातात धरून मी बराच वेळ बसून राहिलो. वडिलांचा दुमडलेला कागद मला आठवला तो त्या संध्याकाळी.

पुढच्या सोमवारी मी मुलांना शंभर पानी वहीचे प्रत्येक पान उभे दुमडावयास सांगितले. तासाची पहिली सात मिनिटे लेखनाची. कालपासून आजपर्यंत जे स्वतः पाहिले, ऐकले, हुंगले, त्यावर उजव्या अंगाला इंग्रजीत दहा ओळी. शब्द अडला तर तो मराठीतच लिहून पुढे जावे, थांबू नये. या ओळींना गुण नाहीत, शेरा नाही, माझी सहीदेखील नाही. फक्त वर तारीख. सोपी वाटते ही गोष्ट, पण पहिले पंधरा दिवस वर्गात पेनांपेक्षा श्वासांचाच आवाज अधिक येई. मराठी मुलाच्या मनात वाक्य घडते ते क्रियापद शेवटी ठेवून. इंग्रजीला ते कर्त्याला लागूनच हवे असते. त्यामुळे सगळे वाक्य मनात उलटे करून मगच पहिला शब्द कागदावर ठेवावा लागतो, आणि तोवर जे सांगावयाचे होते ते निसटून जाते. हा उलटा फेरा हाताच्या सवयीत मुरल्यावाचून मुलाला विचाराकडे लक्ष देण्यास सवडच मिळत नाही, आणि सवय रोजच्या रोज हात चालविल्याखेरीज मुरत नाही, हे ज्या घरी पेटी किंवा तबला वाजतो त्या घरी सांगावे लागत नाही.

पंधरवड्याच्या अखेरीस प्रत्येकाने आपल्या दहा-बारा नोंदींपैकी एक निवडून तिचा निबंध करावयाचा. तो मी लगेच पाहत नसे. वह्या आठ दिवस कपाटात बंद राहत. मग प्रत्येकाने आपला मजकूर शेजाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवावयाचा, आणि जिथे जीभ अडखळेल तिथे डाव्या अंगावर स्वतःच्या हाताने बदल करावयाचा. मजकूर काही दिवस दृष्टीआड ठेवण्याची ही कल्पना मी बेंजामिन फ्रँक्लिनच्या आत्मचरित्रातून घेतली. बॉस्टनमध्ये थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी करीत असताना अॅडिसन आणि स्टील यांच्या ‘स्पेक्टेटर’चा एक सुटा खंड त्याच्या हाती लागला; त्यातल्या निबंधांची त्रोटक टिपणे काढून, ती काही दिवस तशीच ठेवून, मग पुस्तक न पाहता तो निबंध स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिही आणि मुळाशी ताडून आपले दोष हुडकी. शाळा त्याची लहानपणीच सुटली होती. शिक्षक कोण, तर छापलेले पान.

माँतेनने १५८० साली आपल्या लेखांचे पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांना जे नाव दिले त्याचा अर्थ ‘प्रयत्न’ असा होतो. इंग्रजीतला ‘एसे’ तिथूनच आला. आपला ‘निबंध’ शब्द बांधण्याच्या धातूपासून झालेला. दोन्ही शब्द मला सारखेच प्रिय आहेत. पण प्रयत्न अगोदर आणि बांधणी मागाहून, हा क्रम सोडून आपण मुलाकडे पहिल्याच दिवशी बांधून तयार झालेली वस्तू मागतो, आणि मग तो ती गाईडातून आणून देतो याचा आपल्याला राग येतो. दासबोधात एकोणिसाव्या दशकाच्या आरंभीच समर्थांनी लेखनक्रियेचे निरूपण केले आहे, आणि त्यात पानाच्या चहूबाजूंना कोरी जागा राखण्याची सूचना आहे. ती पोथीच्या देखणेपणासाठी आणि टिकाऊपणासाठी आहे, हे मी जाणतो. तरी ती वाचताना मला प्रत्येक वेळी माझ्या वर्गातल्या वह्या दिसतात.

एका वार्षिक तपासणीत ‘कागदाचा अपव्यय’ असा शेरा आमच्या दप्तरी नोंदला गेला. मी लेखी खुलासा दिला आणि वह्या दुमडणे चालू ठेवले.

दहावीच्या वर्गातला एक मुलगा होता, त्याचे वडील एस. टी.च्या आगारात यंत्रदुरुस्तीचे काम करीत. त्याचा पहिला खर्डा असा : ‘माय फादर इज अ गुड मॅन. ही वर्क्स व्हेरी हार्ड.’ व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष. डाव्या अंगावर मी पेन्सिलीने लिहिले, ‘तुला कसे कळले?’ दुसऱ्या खर्ड्यात ‘व्हेरी हार्ड’च्या जागी ‘अंटिल नाइट’ आले. मी पुन्हा तेच विचारले. चौथ्या खेपेस त्याने लिहून आणले : ‘माय फादर कम्स होम अॅट टेन. ही वॉशेस हिज हँड्स थ्री टाइम्स, बट स्मेल ऑफ डीझेल डज नॉट गो.’ मोठ्याने वाचताना तो ‘स्मेल’पाशी थबकला, त्याने पुन्हा वाचले, आणि मी काही बोलण्यापूर्वीच डाव्या अंगावर ‘द’ लिहिला. मराठीत या उपपदाला जागाच नाही; त्याचे नियम मी त्या वर्गाला चार तास फळ्यावर समजावून सांगितले होते, आणि पाचव्या तासाला निम्मी मुले ते विसरली होती. त्याला विचारले, ‘अरे, इथे का घातलास?’ म्हणाला, ‘सर, कुठलाही वास नाही ना हा. तोच वास आहे.’

निबंध पुरा झाला, असे मी त्याला सांगितले, आणि पक्क्या वहीत उतरवून घेण्यास परवानगी दिली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेपूर्वीच तो वही घेऊन शिक्षकखोलीच्या दाराशी उभा. ‘सर, एक दुरुस्ती राहिली. काल रात्री मोरीपाशी बसून मोजलं. तीन नाही, चार वेळा धुतात.’ त्याने वही माझ्या टेबलावर ठेवली, ‘थ्री’वर एक रेघ ओढली, आणि डाव्या अंगावर उरलेल्या जागेत ‘फोर’ लिहिले.