घरात आलेली नवी रायफल

आमच्यासारख्या घरांतून बंदुकीचे वास्तव्य क्वचितच आढळते. देवघर असते, पोथ्यांची पेटी असते, एखादा तंबोरा गवसणीत धूळ खात असतो. परंतु शस्त्र म्हणून म्हणावे तर स्वयंपाकघरातील विळी आणि अडकित्ता एवढीच सामग्री. मावळात शेती असलेली घरे तेवढी ह्या नियमास अपवाद. आमच्या आजोबांनी पिकाच्या राखणीसाठी परवाना काढून घेतलेली ठासणीची बंदूक माजघराच्या भिंतीवर टांगलेली आम्ही लहानपणापासून पाहत आलो, व आज ती आमच्या वडील बंधूंच्या नावावर आहे. तिच्याकडे पाहून कोणास भय वाटावे असा तिचा काळ केव्हाच सरला. ह्या वर्षी मात्र घरात दुसरी बंदूक आली. ती आमच्या पुतणीच्या नावावर असून ती पुण्यातील एका रायफल क्लबाची सभासद आहे, हे येथेच सांगून टाकतो. म्हणजे घरात मुलगे असता मुलीच्या नावावर परवाना कसा, हा प्रश्न वाचकांपैकी ज्येष्ठांच्या मनात अडून राहावयास नको. मुलग्यांस नेम धरण्याइतका वेळ एका जागी स्वस्थ राहता येत नाही, हे त्याचे खरे उत्तर.

नवी रायफल ‘पॉइंट टू-टू’ ह्या जातीची, देशी बनावटीची आहे. नळीचे छिद्र इंचाच्या बावीस शतांश, म्हणजे सुमारे साडेपाच मिलिमीटर. काडतूस जेमतेम एक इंच लांबीचे, व त्याच्या टोकास बसविलेली शिशाची गोळी सुमारे २.६ ग्रॅम वजनाची, म्हणजे पाव तोळ्याहूनही किंचित कमी. आमच्या मातोश्रींनी ते काडतूस तळहातावर घेऊन पाहिले व ‘एवढ्याशा लवंगेसाठी पोलिसांचे एवढे कागद?’ असा अभिप्राय दिला. हे काडतूस अमेरिकेत १८८७ साली निघाले आणि आज जगात सर्वांत अधिक खपणारे काडतूस हेच असे मानतात. ह्याची गंमत अशी की, पेट घेणारा मसाला इतर काडतुसांप्रमाणे बुडाच्या मध्यावर नसून बुडाच्या कडेत भरलेला असतो. घोड्याची सुई त्या कडेवर आपटते व बार होतो. म्हणून काडतूस आत नसता ह्या जातीच्या रायफलीचा चाप उगाच ओढीत बसू नये. सुई नळीच्या कडेवरच आपटून तेथे खळगा पाडण्याचा संभव असतो. घरातील मुलांस ही गोष्ट पहिल्याच दिवशी बजावावी लागली, आणि पुतणीने त्यानंतर रायफल कुलपात घातली ती आजतागायत.

नळीतून उजेडाकडे पाहिले असता आत चक्राकार खाचा फिरत गेलेल्या दिसतात. शंखाचे अंतरंग कोणी इतके सरळ करून दाखविले नसेल. ह्या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती भिरभिरत जाते व आपला मार्ग सोडीत नाही. जुनी ठासणीची बंदूक ह्या बाबतीत अगदी निर्गुण. तिची नळी आतून गुळगुळीत. वरून दारू ओतावी, चिंधी ठासावी, छर्रे घालावे, पुन्हा चिंधी, गजाने दाबावे, टोपी चढवावी, आणि इतके सारे होईपर्यंत डुक्कर शेजारच्या गावच्या हद्दीत पोहोचलेले असावयाचे!

पुण्याच्या नेमबाजीच्या मैदानावर पहिला बार झाला तेव्हा आम्ही उपस्थित होतो. मोठा आवाज होईल म्हणून कानांवरील झाकणे घट्ट दाबून उभे राहिलो. ऐकू आले ते एक कोरडे ‘पट्’. खांद्यास धक्का असा नाहीच. पालथे पडून नेम धरलेल्या पुतणीचा नुसता पदरही — ती ओढणी म्हणते — हलला नाही. पन्नास मीटरांवर पाच गोळ्या झाडल्या, त्या दोन इंचांच्या वर्तुळात बसल्या. हे आम्हांस अद्भुत वाटले. तथापि स्पर्धेच्या लक्ष्यावर ह्याच अंतरास दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढे असते, हे कळल्यावर आमचे कौतुक थोडे आवरते घेतले. ह्याच जातीच्या काडतुसावर कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत ह्यांनी २०१० साली म्युनिक येथे जागतिक अजिंक्यपद मिळविले आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे ह्यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकात कांस्यपदक आणले. अर्थात त्यांच्या रायफली निराळ्या, लाखांच्या हिशेबातील. आमची ही साधी शिकाऊ.

साधेपणाच्या खुणाही जागोजागी आहेत. चाप जड आहे. तो ओढताना बोटास जणू विहिरीवरचा रहाट ओढल्याचा भास होतो, आणि नेमका कोणत्या क्षणी सुटेल हे शेवटपर्यंत समजत नाही. दस्त्याचे लाकूड चांगले, पण त्यावरील रोगण चौरंगास दिल्यासारखे जाड. मागील दर्शक किंचित डुगडुगत होता, तो क्लबातील जाणत्या गृहस्थांनी घट्ट करून दिला. उलट पक्षी, खटका मागे-पुढे करताना जी सफाई जाणवते ती घड्याळाच्या किल्लीची आठवण करून देणारी. नळी सरळ आहे, वजन पुतणीच्या हातास झेपणारे आहे, व मोल बेताचे आहे. पहिल्या रायफलीकडून ह्याहून अधिक अपेक्षा करणे हा लोभ होय, असे आमचे मत झाले.

परंतु मावळात रायफल घेणारास खरा शत्रू भेटतो तो पाऊस. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच्या खाली इंद्रायणीच्या खोऱ्यात आमचे घर आहे, तेथे श्रावणात पोळपाटासही बुरशी येते. लोखंडाची काय कथा! चामड्याच्या किंवा कापडी गवसणीत रायफल घालून ठेवणे म्हणजे ओल जपून ठेवणे. म्हणून ती उघडीच, कुलपाच्या लोखंडी कपाटात, तेलाचा हलका हात फिरवून ठेवावी लागते, आणि आठ दिवसांनी पुन्हा काढून पुसावी लागते. हे काम पुतणी इतक्या निष्ठेने करते की, मातोश्रींच्या मते तितक्या निष्ठेने ताकाचे भांडे घासले असते तर बरे झाले असते.

असो. इथवर सारे कौतुकाचे झाले. अडचण आली ती आश्विनात.

आमच्या शेतात भात इंद्रायणी. हा वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर व आय. आर. ८ ह्यांच्या संकरातून काढला व १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती दिला. आज मावळच्या बाहेरही त्याचे नाव घेतात. दाणा दुधात आला की त्याचा वास रानडुकरांसही आपल्याइतकाच रुचतो. ती खातात थोडे व लोळतात फार. एका रात्रीत कळप येऊन गेला म्हणजे सकाळी खाचरात चटई अंथरल्यासारखे भात निजलेले दिसते, आणि ते पुन्हा उठत नाही. ह्या वर्षी ओढ्याकडील दोन खाचरे अशी गेली. आमचे वाटेकरी सकाळी ओसरीवर येऊन बसले व म्हणाले, “काका, एवढी नवी बंदूक घरात आलीया, अन् डुकरं मोकळी हिंडत्यात. ताईंना म्हणावं, एक रात माळ्यावर बसा.” त्यांच्या बोलण्यात उपहास नव्हता. निम्मे भात त्यांचे होते.

अमेरिकेत शेतास उपद्रव देणाऱ्या लहान प्राण्यांसाठी अशा बारीक नळीच्या रायफली खास बनवितात, व त्या घेऊन बिळे करणारे प्राणी टिपणे हा तेथील शेतकऱ्यांचा नित्याचा उद्योग आहे. वाटेकऱ्यांचा तर्क त्याहून निराळा नव्हता. आमच्या घरातही मते पडली. वडील बंधू म्हणाले, धान्य हे अन्नब्रह्म. त्याची नासाडी उघड्या डोळ्यांनी पाहणे हाही अधर्मच. धाकट्या वहिनींनी जीवहत्येचा प्रश्न काढला. मातोश्री कोणाच्याच बाजूस गेल्या नाहीत, त्यांनी एवढेच विचारले, “त्या लवंगेने डुक्कर मरेल का?”

सर्व वादाचे मर्म त्या एका प्रश्नात होते, आणि उत्तर देण्याचा अधिकार पुतणीचाच होता. ती म्हणाली, “मरेल, आजी, पण चार दिवसांनी.” डुकराची कातडी व चरबी जाड, हाड बळकट. त्याच्यासाठी बारा बोअरची एकगोळी किंवा ‘थ्री-फिफ्टीन’ची रायफल लागते. पॉइंट टू-टूची गोळी लागली तर ते जाळीत शिरून कुजत मरेल, अथवा दुसऱ्या दिवशी गवतास गेलेल्या एखाद्या बाईवर चालून येईल. आणि न लागली तर? ही एवढीशी गोळी मैलाहून अधिक लांब जाऊ शकते. खडकावर किंवा पाण्यावर आपटली तर उसळून भलत्याच दिशेस वळते. आमच्या लहानपणी ओढ्यापलीकडे नुसते रान होते. आज तेथे मुंबईकरांचे बंगले आहेत, शनिवारी-रविवारी त्यांच्या अंगणांतून मुले रात्री दहापर्यंत खेळत असतात, व लोहगडाकडे जाणाऱ्या तरुणांचे विजेचे दिवे भलत्या वेळी डोंगरात चमकतात. ज्या गोळीच्या मागे मातीची भिंत नाही ती गोळी झाडावयाचीच नाही, हा क्लबातील पहिला धडा आहे, असे तिने वाटेकऱ्यांसही सांगितले.

कायद्याचे म्हणणेही ऐकण्यासारखे आहे. १८७८ च्या शस्त्रकायद्याने इंग्रजांनी ह्या देशाच्या हातातील शस्त्र काढून घेतले, हे आपण शाळेत शिकलो. स्वतंत्र भारताचा कायदा १९५९ चा. त्याच्या तेराव्या कलमात परवाना कोणास द्यावा हे सांगताना पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक आणि रायफल क्लबाच्या सभासदास नेमबाजीच्या सरावासाठी पॉइंट टू-टू अशी वाटणी केली होती. म्हणजे आमच्या घरातील दोन्ही बंदुकांची कामे त्या मसुदाकारांनी आधीच नेमून दिलेली! वन्यजीवांचा कायदा १९७२ चा. शिकारीचे परवाने १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाले, व १ एप्रिल २०२३ पासून रानडुक्कर त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. पिकास उपद्रव देणारे जनावर मारावयाचे तर अधिकाऱ्याची लेखी परवानगी हवी. हा सारा कागदी खटाटोप वाटेकऱ्यांस पटला असे आम्ही म्हणणार नाही. ज्याचे भात गेले त्याला कलमांचे आकडे ऐकविणे हे आम्हांसही जड गेले.

मावळच्या मातीस बंदुकीची ओळख पुस्तकी नाही, हेही त्या रात्री बोलण्यात आले. १७७९ च्या जानेवारीत कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला, त्याला लोक अजून ‘इष्टुर फाकडा’ म्हणतात व त्याची कथा रंगवून सांगतात. पण ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर पवनेच्या जलवाहिनीविरुद्ध आलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघे जण मृत्युमुखी पडले, ती गोष्ट कोणी रंगवून सांगत नाही. वाटेकऱ्यांनी तिचा नुसता उल्लेख केला व ते गप्प झाले. थोड्या वेळाने, रायफलीचे पुन्हा नाव न काढता, त्यांनी विचारले, “मग जुनी काढायची का?”

जुनी निघाली. वडील बंधूंनी रीतसर दारू भरली, छर्रे न घालता चिंधी ठासली, आणि रात्री बाराच्या सुमारास बांधावरून आकाशाकडे तोंड करून बार काढला. त्या आवाजाने आमच्या घराची तावदाने खडखडली, गावातील झाडून सारी कुत्री भुंकू लागली, व डुकरे ओढा ओलांडून पसार झाली. नवी रायफल सबंध रात्रभर ‘पट् पट्’ करीत बसली असती तरी हे साधले नसते. आवाज हा जिचा दोष म्हणून आम्ही इतकी वर्षे नावे ठेवली, तोच तिचा उपयोग ठरला. अर्थात उपाय पाच-सहा रात्रींपुरताच. डुकरे आवाजास सरावतात, हे वाटेकरी आम्हांपेक्षा चांगले जाणतात. म्हणून माळ्यावर आळीपाळीने राखण सुरू झाली, गेलेल्या खाचरांचा पंचनामा करून घेतला, आणि परवानगीचा अर्ज वनखात्याच्या कचेरीत दिला. त्याचे उत्तर हे लिहीपर्यंत आलेले नाही. उरलेले भात मात्र घरात आले. नेहमीच्या मानाने ते कमीच होते. वाटेकऱ्यांच्या वाट्यास तूट येऊ नये म्हणून ह्या वर्षी वाटणी निम्म्याची केली नाही.

खंडेनवमीस दोन्ही बंदुका पाटावर शेजारी शेजारी मांडल्या होत्या. मातोश्री हळदकुंकवाचे तबक घेऊन आल्या, तेव्हा पुतणीने भीतभीतच सांगितले की ओले कुंकू नळीवर लागले तर तेथे तांब धरेल. घरातील मंडळी मातोश्रींच्या चेहऱ्याकडे पाहू लागली. त्यांनी क्षणभर विचार केला, दोन्हींच्या लाकडी दस्त्यांवर बोटे टेकविली, आणि तबकातील झेंडूचे फूल तेवढे जुनीच्या घोड्यात खोचले.