११२ नंबरची ऑम्लेटं

तिसऱ्या वर्षाच्या मिनी प्रोजेक्टला आम्ही मेसच्या ‘एक्स्ट्रा’चा हिशोब घेतला. दोन होस्टेल, दोन मेस, दोन जुने पीसी, मध्ये नेटवर्क नाही. दोन्हीकडे मायएसक्यूएल आणि विद्यार्थ्यांना ऑटो इन्क्रिमेंटने १, २, ३ असे नंबर. प्रायमरी की म्हणजे दुसरं काय असतं, असं आमचं ठाम मत!

सेमिस्टरच्या शेवटी दोन्ही डेटाबेस एकत्र करायला बसलो, तर ‘डुप्लिकेट एन्ट्री’ची बोंब. रात्रीचे दोन वाजलेले. मी अक्कल चालवली, इन्सर्टला ‘इग्नोर’ जोडलं आणि झोपलो. झालं असं, की दुसऱ्या होस्टेलच्या ११२ नंबरचं नाव गळालं. खाण्याच्या नोंदींना मात्र नवे नंबर पडत होते, त्यामुळे त्या सगळ्या आल्या आणि आमच्या ११२च्या खात्यावर बसल्या.

आमचा ११२ म्हणजे फर्स्ट इयरचा एक माळकरी मुलगा. त्याच्या डिपॉझिटमधून ३८ ऑम्लेटांचे पैसे कापले गेले. तो रूमवर आला, दारातच उभा राहिला. म्हणाला, “दादा, पैशांचं जाऊ द्या. पावती बाबांनी वाचली.”

मग मी यूयूआयडीकडे वळलो. १२८ बिटांचा आकडा. चौथ्या व्हर्जनमध्ये त्यातले १२२ बिट रँडम. दोन मशीन एकमेकांना न विचारता नंबर काढतात, तरी टक्कर होण्याची भीती जवळजवळ नाही. किंमत मोजावी लागतेच. इंटिजरला ४ बाइट पुरतात, याला १६. शिवाय इनोडीबी नोंदी प्रायमरी कीच्या क्रमाने ठेवतं, त्यामुळे रँडम की कुठल्यातरी मधल्या पानात घुसते आणि पान भरलेलं असलं तर ते फुटतं. मे २०२४च्या आरएफसी ९५६२ मधलं सातवं व्हर्जन यावर चांगलं आहे: पहिले ४८ बिट वेळेचे, म्हणून नव्या नोंदी साधारण शेवटीच जातात. (दोन मेससाठी एवढं कशाला? खरं आहे. होस्टेलचा कोड अधिक नंबर अशी जोड-की सुद्धा चालली असती. आणि एकच मशीन असतं तर मी आजही १, २, ३च ठेवीन.)

नवी पावती पाहून मेसचे काका म्हणाले, “अरे, ही ३६ अक्षरं मी रांगेत ओरडून सांगू का?” म्हणून यूयूआयडी आत ठेवला आणि पावतीवर ‘अ-११२’ छापतो.

पैसे परत मिळाले. त्याच्या बाबांना मी स्वतः फोन करून सगळं सांगितलं. डेटाबेस, डुप्लिकेट, इग्नोर. ते ऐकून घेत होते, शेवटी “बरं बरं” म्हणाले. पटलं की नाही, कळलं नाही.